अर्धी छटा फिकट

९ ऑगस्ट १९८६

चादरींच्या फोटोची प्रिंट आज पुन्हा परत आली. थोरानं पलंगावर बसल्या बसल्या ती खिडकीकडे धरली, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाली, "फिकट कर." किती, असं विचारलं तर म्हणाली, अर्धी छटा. चाळीस वर्षांच्या संसारात आमचं बरंचसं बोलणं हेच झालंय, तेव्हा वाईट वाटून घ्यायचं कारण नव्हतं. तरी वाटलं.

फोटो ती काढते, छापतो मी. ती डार्करूममध्ये कधी पाऊल टाकत नाही आणि मी तिच्या कॅमेऱ्याला हात लावत नाही, म्हणून हे लग्न टिकलं असं आमची मुलगी रेनाटा म्हणते. आता तर थोराला जिनाही उतरवत नाही. गॅरेजमागची डार्करूम आणि वरची तिची खोली यांच्यात मी प्रिंट्स घेऊन हेलपाटे घालतो.

वेन्डेलच्या गॅलरीत नोव्हेंबरात तिचं प्रदर्शन आहे. डॉक्टरांनी यकृताबद्दल जे सांगितलं, तेव्हापासून नोव्हेंबर हा शब्द घरात कोणी काढत नाही. प्रदर्शनापर्यंत ती असेल असं कोणालाच वाटत नाही, तिलाही नाही. पण भिंतीवर जे लागेल ते आपल्या नजरेखालून गेलेलं असावं, एवढं एकच तिनं मागितलंय. तेवढं मला करता आलंच पाहिजे.

१२ ऑगस्ट

इतर प्रिंट्स झाल्यातच जमा आहेत. अडलंय ते चादरींपाशी.

माझ्या आईच्या परसातली दोरी, तिच्यावर वाळत घातलेल्या चादरी, धुक्याची सकाळ. एका चादरीमागे आई आहे. ती दिसत नाही, चिमटा लावायला वर गेलेल्या तिच्या हाताची सावली तेवढी कापडातून उमटलीय. म्हणजे पांढऱ्यावर पांढरं आणि त्यात जेमतेम राखाडी. काळ्याकुट्टापासून कोऱ्या कागदापर्यंत आम्ही दहा छटा धरतो. बाकीचे फोटो त्या दहांवर ऐसपैस पसरतात. या फोटोच्या वाट्याला वरच्या तीनच येतात आणि त्यांत अख्खी सकाळ बसवायची. जरा गडद झाली की चादरी ओल्या फरशीसारख्या दिसतात. जरा फिकट झाली की आईचा हात नाहीसा. "उजेड चादरीवर पडलेला नको, चादरीतून आलेला हवा," हे थोराचं पालुपद.

आज डार्करूममधल्या सिंकवरचा दिवा बदलला. शिकायला येणाऱ्यांना मी पहिल्याच दिवशी बजावायचो की ओली प्रिंट झगझगीत दिव्याखाली बघू नका. तशा उजेडात डांबरसुद्धा राखाडी दिसतं. मग माणूस आणखी गडद छापतो, आणि वाळवून घरात आणली की हातात कोळसा. म्हणून आमच्या सिंकवर कायम साधा चाळीस वॅटचा दिवा. पण हल्लीच्या दिव्यांत काही राम नाही. चाळीसच्या उजेडात मला माझी बोटं धड दिसेनात. शेवटी शंभराचा लावला. चांगलं लख्ख झालं.

कागदाचंही तेच. काळा म्हणून काळा येत नाही, वर दूध सांडल्यासारखा दिसतो. पांढरा तर म्हाताऱ्याच्या दातासारखा. छापताना कागदाला जितका उजेड तितका तो काळा होतो, पण हल्ली जरा जास्तच वेळ द्यावा लागतो तेव्हा कुठे काळ्यात जीव येतो.

२० ऑगस्ट

फिकट. पुन्हा फिकट. आज तर चादरींबरोबर वाळूच्या टेकड्या आणि जेट्टीसुद्धा परत पाठवल्या. गेल्या महिन्यात या तिनं पसंत केल्या होत्या, फक्त मी नव्या दिव्याखाली जरा सुधारून छापल्या.

मला वाटतं तिचं औषध डोळ्यांवर उतरतंय. लुपेला विचारलं. लुपे म्हणजे जवळच्या वॉटसनव्हिलहून येणारी नर्स, एक दिवसाआड येते, येताना घरचं सूप आणते, जे थोराच्या नावानं मीच पितो. तिनं सांगितलं की या औषधानं नजर मंदावत नाही. मग म्हणाली, "तुम्ही डोळे कधी तपासलेत शेवटचे?" मी म्हणालो, बाई, विषय तिच्या डोळ्यांचा चाललाय.

धुकं यंदा जाता जात नाही. दुपार झाली तरी समोरचा समुद्र धूसरच.

२९ ऑगस्ट

भांडलो. लिहायची लाज वाटते, पण भांडलो.

चादरींची नवी प्रिंट तिनं बघितली आणि सरळ मधोमध फाडली. नापास प्रिंट फाडायची ही आमच्याकडची रीतच आहे, पण एवढ्या अशक्त हातांनी ती फाडेल असं वाटलं नव्हतं. म्हणाली, "सान्तो, हा कोळसा आहे. माझ्या नावावर कोळसा टांगणार आहेस?" मी डोक्यात राख घालून घेतली. मी म्हणालो, "तुला दिसत नाही थोरा, आणि ते कबूल करायची तुझी तयारी नाही." ती फाटलेल्या तुकड्यांवरून नजर काढून माझ्याकडे बघू लागली. मी खाली जाऊन उगाच ट्रे घासत बसलो.

दुपारी आर्टिचोकचं सूप घेऊन वर गेलो. दोन घोट घेतले तिनं. तिच्या चेहऱ्याकडे बघून मला धीर आला. वजन उतरलंय, पण चेहरा तोच आहे, त्यावर आजारपणाचा मागमूस नाही. तसं सांगितलं. "खरंच?" तिनं विचारलं. मी म्हणालो, मी कधी कोणाचं खोटं कौतुक केलंय का? तिनं लुपेकडे बघितलं. लुपे औषधांच्या बाटल्या पुसत होती, पुसतच राहिली.

खोलीतला आरसा काढून टाकलाय. थोरा म्हणते, त्यावरची तिरीप डोळ्यात जाते.

७ सप्टेंबर

आज जिंकलो!

सकाळी तिनं मला चादरींची जुनी प्रिंट काढायला लावली. फार वर्षांपूर्वी मीच छापलेली, आम्ही दोघांनी नेहमी वाखाणलेली. ती आणि माझी कालची प्रिंट, दोन्ही तिनं पांघरुणाखाली घेतल्या, वरखाली केल्या आणि एकेक काढून मला दाखवली. "ही जुनी की नवी?" मी खिडकीशी नेऊन बघितली. मग दुसरी बघितली. नीट, वेळ घेऊन. खरं तेच सांगितलं, "कशी ओळखणार? दोन्ही सारख्याच आहेत. मग इतके दिवस मला का छळतेस?"

ती माझ्याकडे बघत राहिली. प्रिंट्सकडे नाही, माझ्याकडे. हसेल असं वाटलं होतं, पण तिचे डोळे भरून आले. तिला हार मानायची सवय नाही. मग तिनं माझा हात हातात घेतला आणि म्हणाली, "खरंय. सारख्याच आहेत. माझंच चुकत होतं."

चाळीस वर्षांत 'माझंच चुकत होतं' हे मी तिच्या तोंडून ऐकलं नव्हतं. संध्याकाळपर्यंत शीळ घालत काम केलं.

११ सप्टेंबर

रेनाटा आली, ऑरेगनहून, आता राहणार आहे. आईच्या खोलीत गेली, दोन मिनिटांत बाहेर आली आणि न्हाणीघराचं दार लावून घेतलं. दमली असेल, एवढ्या लांबून गाडी चालवत आली. मी दाराबाहेरून सांगितलं की आईची तब्येत बरी आहे, चेहऱ्यावर तरतरी आहे. आतून नळ वाहत असल्याचा आवाज येत राहिला.

जेवताना मी मीठ म्हणून साखर घ्यायला लागलो, तर तिनं ती बरणी माझ्यासमोरून उचलली आणि मिठाची ठेवली. मी म्हणालो, दोन्ही बरण्या सारख्याच का ठेवता? ती म्हणाली, "नाहीयेत रे पपा सारख्या."

२३ सप्टेंबर

आता काम झपाट्यानं होतंय. नेईन ती प्रिंट पास. जेट्टी, टेकड्या, सार्डिन मासळीच्या कारखान्याचं पडकं छप्पर, सगळं पास. थोरा बघते, "छान," म्हणते, बाजूला ठेवते. नुसतं छान! पूर्वी ती एका प्रिंटवर अर्धा तास घालवायची. खरं सांगायचं तर मला थोडं चुकल्याचुकल्यासारखं होतं. मुद्दाम एकदा म्हणालो, ही जरा गडद नाही ना? तर म्हणाली, नाही, अगदी बरोबर आहे.

आज तिनं पेन्सिल मागितली आणि सगळ्यांवर सह्या केल्या. प्रिंट भिंतीवर आठवडाभर टांगून, येताजाता बघितल्याशिवाय सही नाही, हा तिचा नियम. म्हटलं, एवढी घाई कशाला? "आता कुठला आठवडा," म्हणाली. रेनाटा मागून पाठीला आधार देत होती. चादरींच्या प्रिंटवर पेन्सिल टेकवून थोरा थांबली. रेनाटा हळूच म्हणाली, "आई, ही तरी राहू दे." थोरानं तिला डोळ्यांनी दटावलं आणि सही केली. कशाबद्दल चाललं होतं कोण जाणे. आईला शीण होईल म्हणून म्हणाली असेल.

मी खोलीत शिरलो की दोघींचं बोलणं थांबतं. मरणाबद्दल बोलत असतील. मला वगळू नका असं सांगावंसं वाटतं, पण सांगत नाही.

४ ऑक्टोबर

वेन्डेलकडे प्रिंट्स पोचवल्या. त्यानं एकेक टेबलावर मांडली आणि दोन-तीन खिडकीशी नेऊन बघितल्या. मग विचारलं, "थोरानं बघितल्यात या?" मी म्हणालो, सह्या दिसत नाहीत का? "दिसतात," म्हणाला. "तिची सही आहे म्हटल्यावर मी कोण बोलणारा."

परतताना गाडी रेनाटानं चालवली. हल्ली मला गाडी देत नाही. मी म्हणालो, ऑक्टोबर आला तरी हे धुकं हटेना. ती म्हणाली, "पपा, लख्ख ऊन पडलंय." भांडायला नको म्हणून मी विषय बदलला.

थोरानं माझ्याकडून एक वचन घेतलं. आपल्यामागे पाळायची काय काय वचनं ती मागेल याची मी धास्ती घेतली होती. बाईनं मागितलं काय, तर डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा. लगेच नको, म्हणाली. मी गेल्यावर. मला हसू आलं. दिलं वचन.

नंतर मी तिच्याजवळ बसलो. आज ती सुंदर दिसत होती. तसं म्हणालो. तिनं माझा तळवा आपल्या गालावर धरला आणि डोळे मिटून पडून राहिली.

१६ ऑक्टोबर

सकाळी गेली. मी हात धरून होतो. रेनाटा होती, लुपे होती.

चेहरा अगदी शांत होता. झोपेतल्यासारखा.

८ नोव्हेंबर

प्रदर्शन उघडलं. गर्दी झाली. वेन्डेलनं प्रत्येक प्रिंटवर जादा दिवे सोडले होते, त्यामुळे छान दिसत होतं सगळं. लोक हलक्या आवाजात बोलत होते, चर्चमध्ये आल्यासारखे. एक बाई माझा हात धरून म्हणाली की तुमच्या पत्नीनं मृत्यूला किती जवळून पाहिलं हो. मी म्हणालो, कुठे? ती म्हणाली, त्या चादरी. तो अंधार. त्यामागे उभं असलेलं ते कोणीतरी.

मी तिला सांगितलं की बाई, ती माझी आई आहे आणि तो सोमवारचा धुण्याचा दिवस आहे. तिनं माझ्याकडे फार करुणेनं बघितलं. वर्तमानपत्रातही तसंच काहीसं आलंय, काळोखाची यात्रा वगैरे. लोकांना मेलेल्या माणसाच्या चित्रांत मरणच दिसतं. थोरा असती तर एकेकाला फाडून खाल्लं असतं.

रेनाटाला मी हे सांगितलं तर ती रडायला लागली. हल्ली ती कशानंही रडते. मीही रडतो, पण कारण असलं की.

११ डिसेंबर

दिलं वचन पाळलं. डॉक्टरला दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू सापडला, तोही पिकून तपकिरी झालेला. माझं किती दिवस असंच चाललं होतं, या विचारानं तो थक्क झाला. मी म्हणालो, माझं काम डोळ्यांचं आहे, मला कळलं असतं.

उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली, पट्टी निघाली. आमचा फ्रिज पांढरा आहे. पिवळा नव्हे, पांढरा. खिडकीतून समुद्र दिसतो, निळा, इतका निळा की डोळ्यात पाणी आलं. समोरच्या घराची कौलं मोजता येतात. रेनाटाला विचारलं, आज धुकं नाही वाटतं? ती म्हणाली, फार दिवसांत नाही.

थोराला हे सांगायला जिना अर्धा चढून गेलो होतो.

१२ डिसेंबर

गॅलरीत गेलो. एकटाच.

सगळं काळं आहे. जेट्टी काळी, टेकड्या काळ्या. चादरी पावसाळी आभाळासारख्या, आईचा हात चिखलात रुतल्यासारखा. आणि खाली कोपऱ्यात तिची सही.

वेन्डेलला म्हणालो, उतरव या. तो म्हणाला, बऱ्याचशा विकल्या गेल्यात, लोकांना अशाच आवडल्यात, आणि तिची सही असलेल्या दुसऱ्या आता कुठून आणणार? मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "मला वाटलं, तुम्ही दोघांनी मिळून ठरवलंय."

तिनं शेवटचं एकच मागितलं होतं आणि मी त्यावर बोळा फिरवला. त्याहून डाचतं ते हे की तिला दिसत होतं. माझ्याशी ती खोटं बोलली. आम्ही एकमेकांशी थोडंफार खोटं बोललो असू, कोणते नवराबायको बोलत नाहीत? पण प्रिंटबद्दल नाही, कधीच नाही. मला दया नको होती. तिनं फाडायला हवी होती, शिव्या द्यायला हव्या होत्या, कान धरून डॉक्टरकडे पाठवायला हवं होतं. ऑगस्टात पाठवलं असतं तर सप्टेंबरात मी सगळ्या नव्यानं छापल्या असत्या. वेळ होता. मी तिच्यावर इतका चिडलोय की तिच्या खोलीत जाववत नाही.

१४ डिसेंबर

आज रेनाटाला सरळ विचारलं, तुला माहीत होतं का.

"हो," ती म्हणाली. "आले त्याच आठवड्यात मी आईला म्हटलं, पपाला डॉक्टरकडे नेते. हे काय छापतोय तो."

"मग?"

"नको म्हणाली."

"माझी कीव आली होती तिला."

"नाही पपा. मीही तसंच समजले होते. मी भांडले तिच्याशी. म्हटलं, अगं, तुझं शेवटचं प्रदर्शन आहे, आयुष्यभर अर्ध्या अर्ध्या छटेसाठी जीव काढलास आणि आता यावर सही करणार? तर म्हणाली, 'प्रदर्शन गेलं उडत. त्याची नजर सुधारली की त्याला सगळ्यात आधी काय दिसेल? मी. तो रोज सकाळी येतो आणि म्हणतो, आज तरतरी आहे. धीर द्यायला नाही म्हणत गं, त्याला खरंच तसं दिसतं. या घरात एकाला तरी मी अजून आजारी दिसत नाही. तेवढं राहू दे मला.'"

मी विचारलं, इतकी वाईट दिसत होती? हळदीसारखी पिवळी पडली होती, रेनाटा म्हणाली. डोळ्यांची बुबुळं सोडली तर सगळीच पिवळी. गालाची हाडं वर आली होती. आत जायच्या आधी रेनाटा स्वतः दाराबाहेर थांबून श्वास घ्यायची. लुपेसुद्धा घ्यायची. मी तेवढा थेट आत जायचो.

३ जानेवारी

डाव्या डोळ्याचंही झालं. आज डार्करूम उघडली. चादरी छापल्या. वाळल्यावर वर तिच्या खोलीत नेल्या, खिडकीशी धरल्या. उजेड चादरीतून येतोय. आईचा हात आहे. त्याखाली सही नसेल, वेन्डेलला त्या नकोत, पण प्रिंट बरोबर आहे, आणि बरोबर आहे हे पहिल्यांदाच माझं मला ठरवावं लागलं. फार एकटं वाटलं. राग उरलेला नाही. शोधला, पण सापडला नाही.

रेनाटा उद्या परत निघालीय. सामान बांधताना ती आपला कॅमेरा हातात घेऊन दारात आली. त्या शेवटच्या आठवड्यांत तिनं आईचे काही फोटो काढलेत, रंगीत. रोल अजून धुवायला दिलेला नाही. म्हणाली, "पपा, आता तुला नीट दिसतंय. बघायचेत का?"

आयुष्यभर मी लोकांना सांगत आलो की निगेटिव्हमध्ये जे आहे ते सगळं कागदावर आणायचं असतं, काही दडवायचं नसतं.

मग सांगितलं, तुझ्याकडे असू देत, ते तुझे आहेत. थोरानं मला जे दिसू दिलं नाही, ते मी बघणार नाही.